घरात चालणारा कॅमेरा

दोंडाईच्याच्या विमलअक्कांनी आखाजीच्या सणाला काढलेले जवळजवळ सगळे फोटो बिघडले, तेव्हा दोष मी त्यांच्या हाताला दिला. तो दोष त्यांच्या हाताचा नव्हता. तो माझ्या हातून कॅमेऱ्यात पडलेल्या तेलाच्या एका थेंबाचा होता, आणि हे मला त्याच वेळी, त्यांच्यासमोर उभा असतानाच, नक्की ठाऊक होते. ही गोष्ट मी दुकानाच्या शेठना सांगितली नाही, पत्नीला सांगितली नाही आणि पुष्कळ वर्षे स्वतःलाही सरळ शब्दांत सांगितली नाही. या अंकासाठी कॅमेऱ्याच्या दुकानातले अनुभव लिहा, असे संपादकांनी सुचवले तेव्हा गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहाव्यात असा माझा विचार होता. त्याही लिहितो. परंतु हे वगळून त्या लिहिल्या तर माझा हात पुन्हा एकदा साफ दिसेल, आणि तसा तो नव्हता.

जळगावच्या बाजारपेठेतल्या त्या दुकानात पुढे काउंटर होता आणि मागे, खिडकीपाशी, माझे दुरुस्तीचे टेबल. नवे कॅमेरे आमच्याकडे असत, पण खरी विक्री जुन्यांची होती. मुंबईहून, सुरतेहून वापरलेले कॅमेरे येत. मी ते उघडत असे, साफ करीत असे आणि मग ते काचेच्या कपाटात जात. ते घेणारा माणूस हौशी क्वचितच असे. बहुधा तो घरातल्याच एका खोलीत पडदा लावून चार पैसे मिळवू पाहणारा असे. बाजारात गाळा घेण्याची ऐपत नाही, नोकरी नाही किंवा आहे ती पुरत नाही, आणि घरात एक खोली मात्र आहे. अशा माणसाला परवडेल आणि तरीही त्याला तोंडघशी पाडणार नाही असा कॅमेरा निवडून देणे हे माझे काम होते. ते मला येत होते. हे मी नम्रतेचा आव न आणता लिहितो.

माझी पद्धत साधी होती. गिऱ्हाईक "कोणता कॅमेरा चांगला?" असे विचारी, आणि मी कपाट उघडण्याऐवजी त्याचे घर विचारी. खोलीला खिडकी किती मोठी? कोणत्या दिशेला? समोर भिंत आहे की मोकळे आहे? छत पत्र्याचे की धाब्याचे? लोकांना वाटे, हा सोयरीक जमवायला बसला आहे की कॅमेरा विकायला! पण त्यात तथ्य होते. महाग कॅमेरा कमी उजेडातही तुम्हाला सांभाळून घेतो. स्वस्त कॅमेरा उजेडाच्या जोरावरच चालतो. म्हणून ज्याच्याकडे पैसे कमी त्याने आधी खिडकी निवडावी आणि नंतर कॅमेरा. पाचोऱ्याच्या एका गृहस्थाने पासपोर्ट फोटोंसाठी आमच्याकडून कॅमेरा नेला आणि पंधरवड्यात परत आणला. सगळे चेहरे काळे येतात, म्हणाला. एकदा पाचोऱ्याला गेलो असताना मी त्याच्या घरी डोकावलो. त्याने खुर्ची खिडकीला पाठ लावून मांडली होती. मी ती फिरवून दिली.

"पण भाऊ," तो म्हणाला, "खिडकीकडे तोंड केलं की गिऱ्हाईक रस्त्यावरची माणसं बघत बसतं. माझ्याकडे बघतच नाही!"

"मग खिडकीच्या आणि त्याच्या मध्ये तुम्ही उभे राहा."

"आणि उजेड?"

"तुम्ही काही इतके रुंद नाही."

तो कॅमेरा त्याच्याकडे पुढे वर्षानुवर्षे चालला.

दुसरे एक आबा यावलकडचे, केळीचे मोठे बागायतदार. घरच्या ओट्यावर बसून घडांचे फोटो काढायचे, ते दिल्लीच्या व्यापाऱ्याला पाठवायचे आणि भाव ठरवायचा, असा त्यांचा बेत होता. आजच्या हिशेबाने तो माणूस काळाच्या फार पुढे होता. मी दाखवलेला प्रत्येक कॅमेरा ते हातात घेऊन बाजूला ठेवत.

"भाऊ, मले मोठ्ठं भिंग पाहिजे. या बारक्या भिंगात केयीचा घड मावतो का?"

"आबा, तुमच्या डोळ्याची बाहुली केवढी? तिच्यात अख्खा मळा मावतो ना?"

"तू बोलाले हुशार आहे. पन व्यापाऱ्याले मालाची लांबी दिसली पाहिजे."

शेवटी घडाशेजारी माणूस उभा करायचा, म्हणजे लांबी आपोआप कळते, असा तोडगा मी काढला. आबांनी आपल्या शेतावरच्या सर्वांत बुटक्या सालदाराला उभे केले. व्यापारी मात्र ओळखून होता. त्याने निरोप धाडला की घड चांगला आहे, आता माणूस बदला.

जुना कॅमेरा तपासण्याची रीतही सांगून टाकतो. पाठीमागचे झाकण उघडून भिंग उजेडाकडे धरावे. त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी, आणि असा कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नये. मग खटका दाबून आतल्या पाकळ्या पाहाव्यात. या पाकळ्या म्हणजे भिंगामागचा पडदा. खटका दाबताच त्या क्षणभर उघडतात, उजेड आत घेतात आणि मिटतात. फोटो म्हणजे तेवढाच क्षण. पाकळ्या वेळेवर मिटल्या नाहीत तर उजेड आत येतच राहतो आणि सगळे पांढरे पडते. म्हणून आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की पाकळ्या कोरड्या हव्यात. त्यांना तेलाचा स्पर्श होता कामा नये. हा नियम मी कित्येकांना शिकवला आहे.

विमलअक्का दुकानात आल्या त्या ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरच्या एका हिवाळ्यात. तिशी ओलांडलेल्या, एका पायाने अधू, आणि बोलण्यात ठाम. त्यांचा व्यवसाय आज कोणाला सांगूनही पटणार नाही. धुळ्यातले स्टुडिओ त्यांच्याकडे निगेटिव्ह पाठवीत आणि अक्का घरी बसून, टोकदार पेन्सिलीने, त्या निगेटिव्हवरचे देवीचे व्रण आणि डोळ्यांखालच्या सावल्या बुजवीत. लग्नाच्या स्थळासाठी काढलेले फोटो तर त्यांच्या हातून गेल्याशिवाय पुढे जात नसत. त्यांनी हजारो चेहरे जवळून पाहिले होते, मात्र स्वतः एकही फोटो काढला नव्हता.

"भाऊ, आमना गावमा बाया स्टुडिओमा जातस नही," त्या म्हणाल्या. "तठे बठ्ठा बापे. मन्हा घर येतीन. माले घरमा चाली असा कॅमेरा द्या. सवंगा."

स्टुडिओत सगळे पुरुष म्हणून तिथे न जाणाऱ्या बायका अक्कांच्या घरी येणार होत्या; कॅमेरा मात्र स्वस्त हवा होता. मी घर विचारले. पत्र्याची खोली, पुढे अंगण, उत्तरेकडे मोठी खिडकी. इतके चांगले घर मी क्वचितच ऐकले होते. त्यांच्यासाठी मी दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून पाहायचा एक जुना कॅमेरा निवडला. अक्कांना उभे राहून तोल सांभाळणे जड जाई. हा कॅमेरा बसूनही वापरता येत होता. निवड अचूक होती. आजही मी तीच करीन.

फक्त थंडीमुळे त्या कॅमेऱ्याचा खटका जरा रेंगाळत होता. पाकळ्यांना वेळ मोजून देणारी बारीक दातेरी चाके सुकली होती. खरे काम म्हणजे सगळे खोलून, चाके पेट्रोलने धुऊन, पुन्हा बसवणे. त्याला दिवस मोडला असता. लग्नसराई तोंडावर होती, टेबलावर कामाचा ढीग होता आणि अक्कांना दुपारच्या गाडीने परत जायचे होते. मी बाजूच्या फटीतून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब चाकांवर सोडला. खटका लगेच टक् टक् वाजू लागला. अक्का खूश झाल्या, शेठ खूश झाले.

हिवाळ्यात तेल जागच्या जागी राहते. पण ज्याने खानदेशातला वैशाख पाहिला आहे आणि त्यात पत्र्याखालची खोली पाहिली आहे, त्याला पुढचे सांगायला नको. तेल पातळ होते, पसरते आणि पाकळ्यांवर येते. पाकळ्या एकमेकींना चिकटतात. मुंबईच्या कारागिराकडून अशी चूक झाली असती तर तिला अज्ञान म्हणता आले असते. मी इथे जन्मलो आणि इथल्याच उन्हात वाढलो.

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. वर्षातून एकदाच साऱ्या बहिणी आईजवळ एकत्र दिसतात. अक्कांनी हेच हेरले. त्यांनी गल्लीतल्या घराघरांत सांगितले की यंदा मायलेकींचा एकत्र फोटो मी काढते. पुरुष कोणी नाही, लाजायचे कारण नाही. सगळ्या गल्लीने होकार दिला. बायका नेसून, नटून अक्कांच्या अंगणात येऊन बसल्या. बाहेर झोक्यांवर गाणी चालली होती. त्या गलबल्यात खटक्याचा आवाज बदलला आहे हे अक्कांना कळण्याचा संभव नव्हता.

सण झाल्यावर काही दिवसांनी अक्का जळगावला आल्या. त्यांनी काउंटरवर निगेटिव्ह ठेवल्या. पहिल्या एकदोन जेमतेम बऱ्या होत्या. पुढच्या सगळ्या तव्यासारख्या काळ्या. निगेटिव्ह काळी म्हणजे फोटो पांढरा, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

"आमनी गल्लीनी केसरमाय आनि तिन्या तिन्ही पोरी एकठ्या बसेल व्हत्यात," अक्का म्हणाल्या. "माय म्हातारी व्हई गयी शे. तिना बी गया. बठ्ठा गया, भाऊ. काय झायं?"

मी कॅमेऱ्याचे झाकण उघडले. पाकळ्यांवर तेलाची चमक होती. ती मला दिसली. दुसऱ्या कोणालाही दिसली नसती. शेठ शेजारीच उभे होते, काउंटरवर आणखी दोन गिऱ्हाइके होती आणि त्यांतला एक धुळ्याचा स्टुडिओवाला होता, जो आपले सगळे कॅमेरे माझ्या नावावर विसंबून आमच्याकडे पाठवीत असे. मी खटका दाबला. पंख्याखाली, गार झालेल्या त्या कॅमेऱ्यात पाकळ्या व्यवस्थित उघडल्या आणि मिटल्या. टक्.

"अक्का, यंत्र ठीक आहे," मी म्हणालो. "उजेडाचा अंदाज चुकला असेल. नव्या माणसाचं असं होतं. हात बसायला वेळ लागतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. वाद घालतील असे मला वाटले होते. घातला असता तर कदाचित मी खरे बोललो असतो. पण माझ्या शब्दाला खानदेशात किंमत होती आणि त्यांनी ती मानली.

"मन्हाच हात का, भाऊ?" एवढेच त्या म्हणाल्या.

स्टुडिओवाला हसून म्हणाला, "अक्का, आपली पेन्सिलच बरी!"

"एकदा साफ करून देतो," असे सांगून मी कॅमेरा ठेवून घेतला, त्या दुपारी तो खोलून पेट्रोलने धुतला आणि पुरावा नाहीसा केला. तो काही दिवसांनी अक्कांकडे गेला, आणि काही महिन्यांनी त्यांनी कोणाच्या तरी हाती तो परत पाठवला; विकून टाका म्हणून. आम्ही तो विकला. नव्या मालकाकडून एकही तक्रार आली नाही. शेठ म्हणाले, "बघा, यंत्र चांगलंच होतं." मी मान हलवली.

त्यानंतर अक्कांचे नाव माझ्या कानावर येत राहिले, कारण धंदा एकच. धुळ्याचे लोक म्हणत, टचिंगला, म्हणजे निगेटिव्हवरच्या पेन्सिलकामाला, त्यांच्यासारखा हात नाही. पण कॅमेरा हातात दिला तर मागे सरतात. ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाई. मी ती ऐकून घेत असे आणि टेबलावर वाकून काम करीत असे. या काळात माझ्या हातून किती कॅमेरे निवडले गेले, किती घरांत चूल पेटली, हे मला अभिमानाने सांगता येईल. तो अभिमान खोटा नाही. पण कोणी "तुमच्या हाताला यश आहे" असे म्हटले की मी विषय बदलत असे.

नव्वदीच्या दशकात रंगीत फोटोंची यंत्रे आली आणि निगेटिव्हवर पेन्सिल चालवण्याचे काम बघता बघता संपले. अशाच एका सकाळी विमलअक्का काठी टेकत दुकानात आल्या. बरोबर त्यांची मुलगी मनीषा होती, विशीतली, तरतरीत. शेठ तोवर वारले होते. गल्ल्यावर त्यांचा मुलगा होता.

"मन्ही पोर शे," अक्का म्हणाल्या. "तिले घर बशीसन काम करानं शे. सवंगा दखीसन एक कॅमेरा द्या. पन भाऊ, आधी तिना हात दखा."

"हात?"

"मन्हासारखा निंघना व्हई ते आताच सांगी द्या. तुमी जानकार शेतस. मंग पैसा वाया घालाडाना नही."

"माय, हात काय वारसानं येस का?" मनीषा हसली.

"तू गप ऱ्हाय. भाऊसले समजस."

मी मुलीच्या हाती एक कॅमेरा दिला. तिने तो धरला, कोपर अंगाशी घेतले, श्वास रोखला आणि खटका दाबला. हात दगडासारखा स्थिर होता. "उत्तम हात आहे," एवढे बोलून मला सुटता आले असते. सगळे आनंदाने गेले असते. परंतु अक्का माझ्या तोंडाकडे अशा काही काळजीने पाहत होत्या, की मी सांगितलेली ती गोष्ट त्यांनी इतकी वर्षे आजारासारखी अंगावर वागवली आणि आता ती लेकीला लागली तर नाही ना हे विचारायला त्या माझ्याकडेच आल्या आहेत, हे मला टाळता येईना.

मी काउंटरच्या बाहेर आलो आणि सगळे सांगितले. तेल, पत्र्याची खोली, पाकळ्यांवरची चमक. "मला तेव्हाच दिसलं होतं, अक्का," असेही सांगितले. शेठचा मुलगा ऐकत होता. मनीषाने कॅमेरा हळूच काचेवर ठेवला.

अक्का रागावल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या. काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाल्या, "केसरमाय पुढली आखाजीलोंग ऱ्हायनी नही. तिनी धाकली, शांता, आमनाच गावमा देयेल शे. तवापासून ती मन्हा घरना पायरीवर चढनी नही. मन्हा मायना शेवटला फोटो तू घालाडा, म्हने."

म्हणजे पुढची आखाजी येण्याआधीच केसरमाय गेली होती, आणि गावातच दिलेल्या तिच्या धाकट्या लेकीने अक्कांचे घर तोडले होते. मी माफी मागू लागलो. त्यांनी हात वर केला.

"आठे नको. आठे मी आयकी लिधं. मन्ही गल्लीनी काय करानं? तठे ईसन सांगा."

"तिथे, गल्लीत येऊन सांगतो," मी म्हणालो.

"येश्यात?"

"येतो, अक्का."

"दखूत," मनीषा म्हणाली. तिचे खरे होते. माझ्या शब्दावर त्या घराने पूर्वी एकदा विश्वास ठेवला होता.

मी पुढच्याच रविवारी पॅसेंजरने दोंडाईच्याला गेलो. मिरचीचा हंगाम होता. सगळी गल्ली मिरचीच्या ढिगांभोवती बसून देठे मोडीत होती, आणि खाट वळणारही नाही अशा त्या बोळात शिरताच मला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"कोन शे हाऊ बुवा?"

"जळगावना कॅमेरावाला. अक्काकडे उना."

"दखा, मिरचीनी रडाडं यासले. आमी काही बोलनूत नही बरं!"

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिले आणि काठीने एका बाईकडे खूण केली. चाळिशीची, मान खाली घालून देठे मोडणारी. ती हसत नव्हती. ती शांता.

येताना गाडीत मी शुद्ध, नेटकी वाक्ये जुळवली होती. त्यांतले एकही तोंडात येईना. माझ्या आईची बोली अहिराणी; काउंटरवर उभा राहिल्यापासून मी ती घरीसुद्धा टाकली होती. त्या बोळात मात्र दुसरी कोणती भाषा चालली नसती. मी चप्पल काढली, ढिगांच्या मध्ये उभा राहिलो आणि ठसका आवरत, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"बहिनीसहोन, त्या आखाजीना फोटो अक्कानी बिघाडा नही. मी बिघाडा. कॅमेरामा मी तेल टाकं व्हतं. ते माले माहीत व्हतं, आनि तरी मी अक्काना हातले दोष दिधा. शांताबाई, तुमनी मायना फोटो मन्हामुळे गया. अक्का, तुमना हात चांगला व्हता. मी खोटं बोलनू. माले माफ करा."